पुण्यात दोन-चार दिवस राहायचंय? खिशाला झेपेल अशी जागा कशी शोधायची

महिन्याला एक तरी फोन येतोच. कधी अंबाजोगाईहून, कधी केजहून, कधी थेट लातूरहून. "ताई, पोरीची परीक्षा आहे पुण्यात. एक रात्र काढायचीय. स्वस्तातलं एखादं लॉज सांगा की." आधी मी लॉजचं नाव सांगून मोकळी व्हायचे. आता तसं करत नाही. मी उलट दोन प्रश्न विचारते: काम नेमकं कुठल्या भागात आहे, आणि तुम्ही पुण्यात किती वाजता उतरणार? मुक्कामाला किती पैसे लागणार ते या दोन उत्तरांवर ठरतं. खोलीचं भाडं त्यानंतर.

हे मला माझ्या मावसभावाच्या परीक्षेनं शिकवलं. त्यानं स्वारगेटला ७०० रुपयांत खोली घेतली आणि स्वस्तात मिळाली म्हणून खूश होता. केंद्र होतं वाघोलीला, आणि हजर राहायची वेळ सकाळी साडेसात. पहाटे बसच्या भरवशावर राहायची हिंमत होईना, म्हणून रिक्षा केली. वीसेक किलोमीटरचे मीटरनं साडेतीनशे रुपये झाले. म्हणजे खोली पडली १०५० ला, वर रात्रभर झोप नाही ती वेगळीच. तेवढ्याच पैशांत वाघोलीच्या अलीकडे खराडीला चांगली खोली मिळाली असती आणि पोरगा सात वाजता चहा पिऊन चालत नाही तरी शेअर रिक्षानं आरामात पोचला असता.

आधी पत्ता नीट वाचा

हॉलतिकिटावर किंवा मुलाखतीच्या पत्रावर 'पुणे' लिहिलेलं असतं, पण पुणे म्हणजे निगडीपासून उरळीपर्यंत काहीही असू शकतं. त्यात एकाच नावाची गावं. वडगाव म्हटलं तर सिंहगड रस्त्याचं वडगाव बुद्रुक आहे, नगर रस्त्याचं वडगाव शेरी आहे आणि लोणावळ्याच्या वाटेवरचं वडगाव मावळ आहे. तिन्ही तीन दिशांना. आंबेगाव म्हटलं तर कात्रजजवळचं आंबेगाव, आणि मंचरकडचा आख्खा आंबेगाव तालुका. पिंपळे सौदागर, पिंपळे गुरव, पिंपळे निलख ही तीन वेगळी ठिकाणं. हिंजवडीत फेज एक, दोन, तीन असतात आणि एकातून दुसऱ्यात जायला संध्याकाळी अर्धा तासही लागतो. पासपोर्टचं काम असेल तर पासपोर्ट सेवा केंद्र मुंढव्याला आहे, गावठाणात म्हणजे जुन्या शहरात नाही.

म्हणून पहिलं काम हे करा: पत्त्यातला पिनकोड मोबाइलच्या नकाशात टाका आणि ठिकाण कुठं दिसतं ते बघा. मग तिथून सगळ्यात जवळचं मेट्रो स्टेशन कोणतं ते शोधा. हे स्टेशन कळलं की अर्धं काम झालं.

मेट्रोच्या दोन मार्गिका आहेत. एक पिंपरी-चिंचवडहून शिवाजीनगर, कसबा पेठ, मंडई करत स्वारगेटला येते. दुसरी कोथरूडच्या वनाजहून नळ स्टॉप, डेक्कन, पुणे स्टेशन, बंडगार्डन, येरवडा करत नगर रस्त्यावर रामवाडीला जाते. दोन्ही सिव्हिल कोर्टला भेटतात आणि तिथंच गाडी बदलता येते. मंडई-स्वारगेटचा टप्पा सप्टेंबर २०२४ मध्ये सुरू झाला आणि तेव्हापासून बाहेरगावच्या माणसाचं गणितच बदललं. एका बाजूचं जास्तीत जास्त तिकीट ३५ रुपये आहे. सकाळी सहापासून रात्री अकरापर्यंत गाड्या असतात. त्यामुळे काम मेट्रोच्या वाटेवर असेल तर मुक्काम मेट्रो स्टेशनपासून दहा मिनिटं चालण्याच्या अंतरात ठेवा. आधी 'स्टँडजवळ' हा नियम होता, आता 'मेट्रोजवळ' हा धरा.

काम मेट्रोपासून लांब असेल, म्हणजे हिंजवडी, वाघोली, चाकण, तर मात्र कामाच्या जवळच राहा. हिंजवडी, बाणेर, खराडी या भागांतली बरीच हॉटेलं कंपनीच्या पाहुण्यांवर चालतात. ते पाहुणे शुक्रवारी संध्याकाळी जातात, त्यामुळे शनिवार-रविवारी तिथं भाव उतरतो. गावठाणातल्या लॉजांचं नेमकं उलटं आहे. लग्नाची तिथी आणि शनिवार-रविवार आला की तिथं भाव चढतो. रविवारच्या परीक्षेसाठी हे लक्षात ठेवा.

मग वेळ बघा

बाहेरून येणाऱ्या माणसाचे सगळ्यात जास्त पैसे इथं जातात आणि तरीही कोणी आधी विचारत नाही. रात्रीची गाडी पहाटे पाचला पुण्यात सोडते. तुम्ही लॉजवर जाता. त्यांचा हिशोब दुपारी बारा ते दुसऱ्या दिवशी दुपारी बारा असा असेल, तर पाच ते बारा या सात तासांचा एक दिवस आणि बारानंतर दुसरा दिवस सुरू. एका रात्रीसाठी दोन दिवसांचं भाडं. मी पहिल्यांदा बाबांबरोबर पुण्यात आले होते तेव्हा आम्ही असंच भरलं. काउंटरवरचा माणूस वहीतलं बोट काढायला तयार नव्हता आणि बाबा खिशातल्या नोटा मोजत उभे होते. तो चेहरा मी विसरलेले नाही.

स्टँडजवळच्या बऱ्याच जुन्या लॉजांमध्ये 'चोवीस तास' पद्धत असते. पहाटे पाचला आलात तर दुसऱ्या पहाटे पाचपर्यंत खोली तुमची. रात्रीच्या गाडीनं येणाऱ्यांनी चोवीस तासवालंच लॉज बघा, भले भाडं शंभर-दोनशेनं जास्त असलं तरी. संध्याकाळी सातच्या सुमारास पोचणाऱ्याला बारावालंही चालतं.

कुठली गाडी कुठं सोडते तेही बघून ठेवा. सातारा, कोल्हापूर, सांगली, सोलापूरकडच्या एसट्या प्रामुख्यानं स्वारगेटला येतात. ज्याला अजून सगळे शिवाजीनगर स्टँड म्हणतात ते २०१९ च्या शेवटी मेट्रोच्या कामासाठी वाकडेवाडीला हलवलं. नाशिक, संभाजीनगर आणि मराठवाड्याकडच्या बऱ्याच गाड्या तिथं येतात. शिवाजीनगरच्या नावावर रिक्षा करून जुन्या जागी उतरलेली माणसं मी पाहिली आहेत. खासगी ट्रॅव्हल्स असेल तर ड्रायव्हरला आधीच विचारा की हडपसरला सोडणार, का संगमवाडीला.

खोली लागणारच आहे का?

पैसे वाचवायची सगळ्यात मोठी जागा हीच आहे. काम एका दिवसाचं असेल आणि माणूस धडधाकट असेल तर रात्रीनं या, काम करा, रात्रीनं जा. महिलांना एसटीत मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट आहे, ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांनाही अर्धं, आणि ७५ च्या पुढे पूर्ण मोफत. आई आणि मुलगी दोघी आल्या तर परतीचं भाडं कित्येकदा लॉजपेक्षा कमी पडतं.

बॅग कुठं ठेवायची हा प्रश्न उरतो. रेल्वेचं तिकीट असेल तर पुणे स्टेशनवर क्लोकरूम आहे. तिथं बॅगेला कुलूप लागतं, चेनला छोटं कुलूप नसेल तर घेत नाहीत, म्हणून घरूनच आणा. आंघोळीला स्टँडवर आणि स्टेशनवर पैसे देऊन वापरायची स्वच्छतागृहं असतात. परीक्षा नसेल, फक्त कागद द्यायचा किंवा सही करायची असेल, तर एवढं पुरतं. परीक्षा, मुलाखत किंवा दवाखाना असेल तर मात्र झोपेवर पैसे वाचवू नका.

रेल्वेनं येणाऱ्यांसाठी आणखी एक सोय आहे आणि ती फार कमी लोक वापरतात. स्टेशनवरची विश्रामकक्षं, म्हणजे रिटायरिंग रूम. तुमचं तिकीट पक्कं किंवा आरएसी असेल तर पीएनआर नंबर टाकून आयआरसीटीसीच्या साइटवर ती ऑनलाइन घेता येतात, जास्तीत जास्त ४८ तासांसाठी. तिकीट काढल्या काढल्या त्याच बैठकीत बघा, दोन दिवस आधी बघितलं तर शिल्लक राहत नाहीत.

अॅपवर न दिसणारं पुणं

आपल्याकडे आता जागा शोधायची म्हणजे अॅप उघडायचं. अॅपवर हजार-बाराशेच्या खोल्या दिसतात आणि माणूस समजतो की पुण्यात याहून स्वस्त काही नाही. खरी स्वस्त जागा अॅपवर नाही. ती फोनवर, ओळखीवर आणि भिंतीवरच्या कागदावर आहे.

सगळ्यात आधी कॉट बेसिस. हा शब्द पुण्याबाहेर फारसा कोणाला कळत नाही. सदाशिव पेठ, नारायण पेठ, नवी पेठ या भागांत स्पर्धा परीक्षेची हजारो मुलं राहतात. एका खोलीत तीन-चार लोखंडी कॉट, प्रत्येकाचं एक कपाट, बाथरूम सामाईक. खोलीचं नाही, कॉटचं भाडं. शास्त्री रस्त्यावरून आत कुठल्याही गल्लीत वळलात तर विजेच्या खांबावर, झेरॉक्सच्या दुकानाच्या काचेवर, अभ्यासिकेच्या जिन्यात कागद चिकटवलेले दिसतात: 'मुलांसाठी कॉट बेसिसवर जागा उपलब्ध, पाणी २४ तास, वायफाय.' खाली मोबाइल नंबर दहा वेळा लिहून कात्रीनं पट्ट्या केलेल्या, हव्या त्यानं एक फाडून न्यावी. हे महिन्याचं काम असतं, पण परीक्षेचा निकाल लागला किंवा सणाला मुलं गावी गेली की कॉट रिकाम्या पडतात, आणि मग पाच-सात दिवसांसाठीही मालक देतात. स्पष्ट विचारायचं: "काका, डेली बेसिसवर देता का? आठ दिवस राहायचंय." आठ-दहा दिवसांची शिबिरं, ट्रेनिंग, कोर्स यासाठी याहून स्वस्त दुसरं काही नाही. गावातला कोणी मुलगा तिथं राहत असेल तर त्याच्याच खोलीतल्या रिकाम्या कॉटची चौकशी करा. मालकाला न सांगता दोघं एका कॉटवर राहू नका, त्यात त्या मुलाची जागा जाते.

फोन करायची वेळही महत्त्वाची. पेठेतले घरमालक बहुतेक वयस्कर असतात. दुपारी एक ते चार फोन करू नका. सकाळी दहा ते बारा किंवा संध्याकाळी सहानंतर करा, नीट बोलतात, आणि तुम्ही कोण, कुठले, कशासाठी आलात हे सगळं विचारतात. मोकळेपणानं सांगा. तुम्ही त्यांच्या घरात राहणार आहात, त्यांना हे जाणून घ्यायचा हक्क आहे.

दुसरं, समाजाची वसतिगृहं आणि कार्यालयं. जैन, माहेश्वरी, लिंगायत, मराठा, माळी, ब्राह्मण, अशा कितीतरी समाजांच्या संस्था पुण्यात शंभर-शंभर वर्षं काम करतायत. काहींकडे पाहुण्यांसाठी खोल्या असतात, काहींची धर्मशाळा असते. इंटरनेटवर यांचा नीट पत्ता सापडत नाही. गावातल्या मंडळाच्या अध्यक्षाला किंवा देवस्थानाच्या विश्वस्तांना भेटा, त्यांच्याकडे नंबर असतो. लेटरहेडवर दोन ओळींचं ओळखीचं पत्र घेऊन आलात तर फार उपयोग होतो. सगळीकडे आपल्याच समाजाची अट असते असंही नाही, विचारायला हरकत नाही.

तिसरं, आळंदी आणि देहू. चाकण एमआयडीसीत मुलाखत असेल, भोसरीत काम असेल किंवा डिसेंबरात मोशीचं कृषी प्रदर्शन बघायला चार शेतकरी मिळून येणार असाल, तर गावठाणात राहायचं काही कारण नाही. आळंदीत धर्मशाळा आणि भक्तनिवास भरपूर आहेत, भाडं माफक आहे, जेवण साधं आणि स्वच्छ मिळतं, आणि पहाटे माउलींचं दर्शनही होतं. पीएमपीच्या, म्हणजे पुण्याच्या शहर बससेवेच्या, बस आळंदीहून पुणे स्टेशन आणि स्वारगेटला सुटतात. फक्त कार्तिकी वारी आणि आषाढीचं प्रस्थान या दिवसांत आळंदीला जागेची आशा धरू नका. धर्मशाळेत मद्य, मांसाहार चालत नाही आणि रात्री दार लवकर बंद होतं, हे आधीच मान्य असेल तरच जा.

लोकल विसरू नका. पुणे-लोणावळा लोकलवर चिंचवड, आकुर्डी, तळेगाव इथं मुक्काम केला तर दहा-वीस रुपयांच्या तिकिटात शिवाजीनगर गाठता येतं. दुपारच्या वेळी लोकल कमी असतात, तेवढं वेळापत्रक बघून ठेवा.

दवाखान्यासाठी येणाऱ्यांचं दुःख वेगळं असतं. त्यांना किती दिवस राहायचं ते माहीतच नसतं. ससून हे सरकारी रुग्णालय पुणे स्टेशनपासून चालत अंतरावर आहे, म्हणून बहुतेक नातेवाईक स्टेशनसमोरच्या विल्सन गार्डनच्या बाजूला लॉज शोधतात आणि चार दिवसांत पैसे संपतात. असं करू नका. रुग्ण दाखल झाला की पहिल्याच दिवशी समाजसेवा अधीक्षकांच्या खोलीत जा. मोठ्या खासगी आणि धर्मादाय रुग्णालयांतही समाजसेवा विभाग असतो. नातेवाइकांसाठी कुठं राहायची सोय आहे, कुठली संस्था डबा देते, ते तिथल्या लोकांना तोंडपाठ असतं. तीच माणसं बिलातल्या सवलतीचे कागदही समजावून सांगतात. माझी आत्या एकवीस दिवस दवाखान्यात होती. पहिले पाच दिवस आम्ही लॉजचं भाडं भरलं, कारण असा विभाग असतो हेच आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं. सहाव्या दिवशी शेजारच्या खाटेवरच्या बाईच्या सुनेनं सांगितलं. उरलेले सोळा दिवस आम्ही एका ट्रस्टच्या खोलीत काढले आणि लॉजच्या दोन दिवसांच्या भाड्यात ते सगळे बसले.

क्वार्टर गेटजवळ वायएमसीए ही संस्था आहे, तिथंही खोलीची चौकशी करा. कोरेगाव पार्क, विमाननगर भागात तरुण मुलांसाठी बंक बेडची हॉस्टेलं आहेत, एका पलंगाचं भाडं देऊन राहता येतं. काही जण पुणे जिल्ह्याचं आधारकार्ड असेल तर घेत नाहीत, म्हणून जुन्नर-बारामतीकडच्यांनी आधी विचारून घ्या.

फोनवर काय विचारायचं

नकाशावर लॉज सापडलं, अॅपवर भाव बघितला, आता थेट लॉजला फोन लावा. बरेचदा अॅपच्या भावापेक्षा शंभर-दोनशे कमी सांगतात, कारण त्यांचं कमिशन वाचतं. बोलणं असं असावं:

"नमस्कार दादा, सोमवारी पहाटे पाचला पोचतोय, मी आणि आई. नॉन-एसी डबल आहे का? चोवीस तास आहे का बारा? टॅक्स धरून किती? गरम पाणी किती वाजता येतं? बाथरूम आत आहे ना? कितव्या मजल्यावर, लिफ्ट आहे का? आईचे गुडघे दुखतात."

यातला 'टॅक्स धरून' हा शब्द विसरू नका. सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला साडेसात हजारांपर्यंतच्या खोलीवर जीएसटी ५ टक्के आहे. म्हणजे हजाराच्या खोलीवर ५० रुपये. कोणी १२ किंवा १८ टक्के सांगत असेल तर पक्कं बिल मागा. गरम पाण्याचंही तसंच. बऱ्याच लॉजांत ते सकाळी सहा ते नऊच असतं, आणि तुम्हाला साडेपाचला निघायचं असेल तर त्याचा उपयोग नाही. गुरुवारी मुक्काम असेल तर पाण्याची टाकी किती मोठी आहे तेही विचारा, कारण देखभालीच्या कामासाठी महापालिका बरेचदा गुरुवारी पाणी बंद ठेवते.

ज्यानं उत्तरं दिली त्याचं नाव विचारून घ्या आणि "एवढंच व्हॉट्सअॅपवर पाठवता का?" म्हणा. भाव आणि वेळ लिहून आली की काउंटरवर वाद होत नाही.

आगाऊ पैसे मागितले तर जपून. नकाशावरचा नंबर कोणीही बदलून टाकू शकतं, असे फसलेले लोक माझ्या ओळखीत आहेत. त्या नंबरवर पूर्ण पैसे भरू नका. एका रात्रीसाठी पैसे न घेता खोली ठेवणारे भरपूर आहेत, फक्त पोचायच्या आदल्या रात्री फोन करून आठवण करून द्या. 'पैसे परत करतो, पिन टाका' असं कोणी म्हणालं तर फोन ठेवा. पैसे घ्यायला यूपीआय पिन कधीच लागत नाही. पैसे गेलेच तर लगेच १९३० वर फोन करा.

दारात पोचल्यावर

स्टँडवर उतरलात की "लॉज पाहिजे का?" म्हणत माणसं येतात, काही रिक्षावालेही विचारतात. "आमचं बुकिंग आहे, दादा," एवढंच म्हणा आणि चालायला लागा. त्यांनी नेलेल्या जागेच्या भाड्यात त्यांचे पैसे धरलेले असतात. रिक्षा मीटरनंच. सप्टेंबर २०२२ पासून पहिल्या दीड किलोमीटरला २५ रुपये आणि पुढे किलोमीटरला १७ असा दर ठरलेला आहे. दिवसभर फिरायचं असेल तर पीएमपीचा दैनिक पास घ्या. जून २०२५ पासून तो ७० रुपयांना आहे.

मूळ ओळखपत्र प्रत्येक मोठ्या माणसाचं लागतं. पॅनकार्ड चालत नाही कारण त्यावर पत्ता नसतो. आधारची झेरॉक्स देताना मास्क्ड आधार द्या, म्हणजे ज्यात पहिले आठ अंक झाकलेले असतात. आधारच्या साइटवरून ते फुकट उतरवता येतं. घरूनच दोन प्रती काढून आणा.

पैसे भरायच्या आधी खोली बघा. लाजू नका. मी काय करते ते सांगते. आत गेल्यावर आधी चादर नाही, गादीचा भिंतीकडचा कोपरा उचलते आणि शिवणीत मोबाइलचा उजेड पाडते. काळे बारीक ठिपके दिसले तर ढेकूण आहेत. दुसरी खोली मागते, तिथंही असले तर निघते. मग नळ सोडते, बादली धरून बघते. मग दाराची आतली कडी लावून दार ओढून बघते. खिडकीला गज आहेत का, बाथरूमच्या झडपेची काच शाबूत आहे का, ते बघते. पंखा, दिवा, चार्जिंगचा सॉकेट. तीन मिनिटं लागतात. रस्त्याकडची खोली स्वारगेटला घेऊ नका, रात्रभर हॉर्न असतात. मागच्या बाजूची मागा.

एकट्या बाईला अजूनही काही लॉज नाही म्हणतात. याचा मला राग येतो, पण पहाटे दारात उभं राहून भांडण्यात अर्थ नाही. फोनवरच विचारा: "मी एकटीच आहे, देता ना?" जे अडखळतात त्यांना सोडा. मुलींसाठी लेडीज हॉस्टेलं आणि पीजी डेली बेसिसवर मिळतात, कर्वेनगर, कोथरूड, सदाशिव पेठेत भरपूर आहेत. तिथली ताई किंवा काकू फोनवर कशी बोलते त्यावरून जागा कळते. रात्री परतायची वेळ आधी विचारा, कारण काही ठिकाणी साडेनऊ-दहानंतर दार उघडत नाहीत.

नातेवाइकांबद्दलही बोलते. पुण्यात राहणाऱ्या माणसाचं घर बहुतेक वेळा दोन खोल्यांचं असतं, दोघंही नोकरीला जातात. न कळवता दारात उभं राहू नका. चार दिवस आधी फोन करा आणि "एक रात्र चालेल का, नाही तर लॉज बघतो" असं मोकळं विचारा. नाही म्हणाले तरी मनाला लावून घेऊ नका. "संध्याकाळी जेवायला येतो" म्हटलं तरी नातं राहतं.

कधी यायचं नाही

काही दिवस पुण्यात स्वस्त जागा शोधू नका, मिळत नाही. गणपतीचे दहा दिवस, त्यातही शेवटचे तीन. आषाढी वारीच्या दोन्ही पालख्या शहरात मुक्कामाला असतात तेव्हा. तुकोबांची पालखी नाना पेठेत निवडुंग्या विठोबाला आणि माउलींची भवानी पेठेत पालखी विठोबाला असते, त्या दोन दिवसांत पेठांतले रस्तेही बंद असतात. जून ते ऑगस्ट प्रवेशाची गर्दी. डिसेंबरात सवाई गंधर्व महोत्सवाचे दिवस. तारीख तुमच्या हातात असेल तर मंगळवार-बुधवार निवडा. तारीख हातात नसेल तर हॉलतिकीट आलं त्याच दिवशी फोन लावा, आदल्या आठवड्यात नाही, कारण त्याच केंद्रावर आणखी पाचशे मुलं येणार आहेत आणि तीही तेच लॉज शोधतायत.

जेवणासाठी लॉजच्या खालचं हॉटेल नको, पेठेतली मेस शोधा. "गेस्ट थाळी मिळेल का?" विचारलं की महिन्याचे सभासद नसलेल्यांनाही वाढतात. लिमिटेड थाळी घेतली तरी एका माणसाचं पोट भरतं, आणि आईला चालेल असं घरचं जेवण असतं.

निघताना बिल घ्या, डिपॉझिट भरलं असेल तर ते परत घ्या, आणि वहीत निघायची वेळ स्वतःसमोर लिहून घ्या. गाडी रात्रीची असेल तर बॅग काउंटरवर ठेवता येते का ते विचारा, बहुतेक जण एक-दोन बॅगा फुकट ठेवतात. पैसे आणि कागदपत्रं मात्र जवळच ठेवा. जागा चांगली निघाली तर लॉजचा नंबर, खोली नंबर आणि काउंटरवरच्या माणसाचं नाव मोबाइलमध्ये 'पुणे लॉज' म्हणून टाकून ठेवा. पुढच्या वेळी तुमच्या गावातून कोणी निघालं की त्याला तोच द्या.